कुंपणाची राणी

२ मार्च, सोमवार

एकदाचा पोचलो. भाचा स्वतः गाडी घेऊन स्टेशनवर आला होता. माझी एकच ट्रंक बघून म्हणाला, मामा, एवढंच? मी म्हटलं, बाबा रे, छत्तीस वर्षं नगरपालिकेच्या बागा सांभाळल्या, पण एक कुंडी घरी नेली नाही. सामान वाढणार कुठून? तो हसला. हसला की थेट ताईसारखा दिसतो. ताई म्हणजे त्याची आई, माझी थोरली बहीण. तिला जाऊन चार वर्षं झाली, तरी तिचं हसू असं दुसऱ्याच्या तोंडावर अचानक भेटतं.

खोली झकास आहे. खाली खोगिरं ठेवायची खोली, वर मी. जिना बाहेरून, लाकडी, अकरा पायऱ्यांचा. जमिनीच्या फटींतून कातड्याचा आणि तेलाचा वास वर येतो. खिडकी उघडली की समोर घोड्यांचं मोकळं रान, त्याला लाकडी कुंपण, आणि कुंपणापलीकडे गुलाबी फुलांची एक रांग. संध्याकाळच्या उन्हात ती रांग अशी पेटली होती की मी चष्मा न घालताच नुसता बघत बसलो.

भाचा इथं घोडेस्वारीची शाळा चालवतो. सहा जनावरं आहेत. रानात सावलीचं एक झाड नाही, म्हणून मला बोलावलं. मामांनी घोड्यांभोवती लावायची झाडं निवडायची, जागा आखायच्या, रोपं लावून घ्यायची, आणि मग इथंच राहायचं. म्हाताऱ्याला याहून काय हवं? भाचेसुनेनं टेबलावर नवी वही ठेवली होती. तिच्यातच हे लिहितोय.

ट्रंकेतून पाचवीचं कवितेचं पुस्तक काढून उशाशी ठेवलं. खाकी कव्हर, कोपऱ्यावर शाईचा डाग. आम्ही चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायचो तेव्हा खिडक्यांची तावदानं थरथरायची. आज खिडकीत उभं राहिल्यावर त्यातलीच एक ओळ ओठांवर आली – “…कुंपणाची ही राणी.” चाल पक्की आठवते, आधीचे शब्द काही केल्या आठवत नाहीत. पुस्तक दोनदा चाळलं. सापडली नाही. पान फाटलं असेल.

३ मार्च, मंगळवार

पहिल्याच दिवशी डोकं फिरलं.

सकाळी फीत आणि वही घेऊन रानाला फेरी मारली. घोड्यांसाठी झाडं निवडणं हे शोभेचं काम नव्हे. घोडा दिवसभर तोंड चालवतो. गवत संपलं की साल सोलतो, साल संपली की कुंपणाचे वासे कुरतडतो. आणि त्याला ओकता येत नाही. देवानं त्याला सगळं दिलं, वेग दिला, डोळे दिले, ती मान दिली. पण खाल्लेलं परत काढायची सोय दिली नाही. जे आत गेलं ते गेलं. म्हणून यादी करताना आधी काय लावायचं नाही ते लिहायचं. अक्रोड नको, त्याच्या भुशानंसुद्धा खुरं सुजतात. चेरी नको, तिची कोमेजलेली पानं वाईट. एरंड नको. लावायला वाळुंज चांगला, तुती चांगली, पॉप्लर चालेल. रोपं कोवळी असेपर्यंत प्रत्येकाला जाळीचा पिंजरा.

मग पश्चिमेच्या कुंपणाशी गेलो आणि ती गुलाबी रांग जवळून बघितली. कण्हेर! सात झाडं, पुरुषभर उंच. कुंपणापासून बुंध्यांचं अंतर मोजलं, सातही बरोबर बारा फुटांवर. घोड्यांच्या शाळेला कण्हेरीचं कुंपण म्हणजे दूधपित्या पोराच्या पाळण्याला साप बांधण्यासारखं. ओंजळभर पानांत घोडा आडवा होतो.

दुपारी जेवताना भाच्याला सुनावलं. तो शांतपणे म्हणाला, तीस वर्षं झाली, एकाही घोड्यानं त्यांना तोंड लावलेलं नाही. मी म्हटलं, अरे शहाण्या, हिरवं पान कडू म्हणून लावत नाही. पण फांदी तुटून चार दिवस पडली, पान मलूल झालं, की कडवटपणा उतरतो आणि विष होतं तेवढंच राहतं. माझ्या नोकरीत बागेच्या गाडीचा घोडा असाच माझ्या डोळ्यांसमोर गेला. त्याच आठवड्यात मी शहरातल्या सगळ्या बागांना परिपत्रक काढलं – कण्हेर छाटली तर काडीही मागे राहता कामा नये. कोणाला कळवायचं बाकी ठेवलं नाही.

भाचा काहीतरी बोलणार होता. बायकोकडे बघून थांबला. मग म्हणाला, शाळेच्या पाटीवर त्या फुलांचा फोटो आहे, धूळ अडते, आणि आईनं लावलेलं झाड आहे. शेवटी हसत म्हणाला की मामा, तुम्ही लावायला आलात, उपटायला नाही.

त्या हसण्याचा आज राग आला.

५ मार्च, गुरुवार

इथं एक मोतद्दार आहे. घोड्यांचं खाणंपिणं, आंघोळ, मालिश सगळं त्याच्याकडे. हातात सदानकदा घोड्याचं अंग घासायचा लोखंडी खरारा असतो, म्हणून सगळे त्याला खराराच म्हणतात. वय माझ्याएवढं, बोलणं मोजकं. मी आयुष्यात एक दिवस शाळेत शिकवलेलं नाही, पण कविता गुणगुणणारा म्हातारा म्हणजे मास्तर अशी त्याची समजूत, आणि ती मोडायची माझी इच्छा नाही.

आज भर दुपारी तो कण्हेरीच्या बुंध्याला खरारा करताना दिसला. हळुवार, वरून खाली, घोड्याला करतात तसा. मी विचारलं, काय रे हे? तो म्हणाला की याच्या पाठीला फार खाज होती. कोणाच्या? तर म्हणे पंचकल्याणीच्या, चारी पाय आणि तोंड पांढरं असलेल्या घोड्याच्या. मग त्यानं एकेका झाडाकडे बोट दाखवत सांगितलं – हा पंचकल्याणी, ही त्याची बहीण, हा लंगडा, ही दोघं जुळी, आणि टोकाचा तो काळा, दोन वर्षांपूर्वी गेलेला. मेलेली जनावरं त्या बाजूला पुरतात, माती मऊ आहे म्हणून. मधलं, सगळ्यांत पहिलं झाड तेवढं ताईनं लावलेलं. बाकीची सहा कोणी लावली नाहीत. घोडा पुरला की वर्षभरात त्या जागी आपली आपण आली.

मी विचारलं, मेले कशानं? तो म्हणाला, पोटशूळ. सगळे? सगळे.

मी त्याला वाटेल ते बोललो. सहा घोडे! सहाही पोट धरून मेले, आणि एकानंही विचारलं नाही की बाबा, यांनी खाल्लं काय? वर झाडांना खरारा करतोय, लाज वाटते का? तो खराऱ्यातली साल झटकत राहिला. मी दमलो तेव्हा म्हणाला, मास्तर, आता अबलख आहे, तिला सांभाळा.

अबलख म्हणजे इथली काळीपांढरी घोडी. गाभण आहे, अकरावा महिना. आता कधीही विईल. तिनं आल्या दिवशीच माझ्या कोटाचा खिसा हुंगून तो आपला करून टाकला. आता मी गाजराशिवाय खाली उतरत नाही.

ते तर बियांनी उगवलं असणार. खतावलेली माती, दुसरं काय? छत्तीस वर्षं बागकाम केलेला माणूस मी, मला भुताखेतांच्या गोष्टी सांगतो लेकाचा.

८ मार्च, रविवार

आज पेन कागद फाडतंय. रागानं.

सकाळी रानात, कुंपणाच्या आत, पाण्याच्या टाकीजवळ कण्हेरीच्या फांद्या पडलेल्या. एक नाही, नऊ. नेमक्या चार दिवसांच्या, मलूल, मऊ; घोड्यानं उचलाव्यात अशा. आणि प्रत्येक फांदीचं टोक तिरकं कापलेलं, डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, वर पाव इंच सोडून. हे वाऱ्याचं काम नव्हे. हा हात शिकलेला आहे. मीच माळ्यांना असा काप शिकवायचो.

खराऱ्याला धरलं. तो म्हणाला, पागेत छाटायची कात्रीच नाही. भाच्याला धरलं. तो म्हणाला, यंदा छाटणी झालेलीच नाही, तुम्ही येणार म्हणून ठेवलीय. दोघंही तोंडावर खोटं बोलतात. म्हातारा आहे, खपवून घेईल, असं वाटतं त्यांना! मी गुडघ्यांवर बसून एकेक पान वेचलं आणि पिशवीत भरलं. भाचेसून म्हणाली, मामा, उन्हात नका बसू. तिच्यावरही ओरडलो. ती बिचारी पाणी ठेवून गेली.

चार वाजता सहाही घोडे पश्चिमेच्या कुंपणाशी ओळीनं उभे राहिले. तोंडं कण्हेरीकडे. एकाचंही शेपूट हलत नव्हतं. खराऱ्यानं चंदीची बादली वाजवली. दाण्यासाठी एरवी एकमेकांना चावणारी जनावरं, पण एकानंही मान वळवली नाही.

११ मार्च, बुधवार

साडेनऊ फूट.

फीत तीच. मोजणारा मी. तीन तारखेला बारा होते, वहीत लिहिलंय. आज सातही झाडं साडेनऊ फुटांवर.

आधी वाटलं, भाच्यानं मला खोटं पाडायला कुंपण बाहेर सरकवलं. वासे तपासले. सगळे शेवाळलेले, बुडाशी मुंग्यांची जुनी वारुळं. एकही खांब हललेला नाही. मग बुंध्यांमागची माती बघितली. भुसभुशीत, झाडांपासून मागे सात पट्टे गेलेले, कोणी काहीतरी जड ओढत आणल्यासारखे.

भाच्याला दाखवायला नेलं. त्यानं मातीकडे न बघता माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, मामा, झोप लागते ना? डोक्यात तिडीक गेली. पुरावा पायाशी पडलाय आणि हा माझी झोप विचारतो.

आज अकरा फांद्या. त्यातल्या दोन अबलखच्या गव्हाणीत, गवताखाली. तिनं खाल्ल्या नव्हत्या. गव्हाण मी स्वतः धुतली.

ती ओळ दिवसभर डोक्यात – कुंपणाची ही राणी, कुंपणाची ही राणी. चाल चालू राहते. शब्द येत नाहीत.

१४ मार्च, शनिवार

केलं शेवटी.

भाचा आणि भाचेसून सामान आणायला गेली होती. मी कुदळ आणि कुऱ्हाड घेतली आणि टोकाच्या झाडाला भिडलो, काळा म्हणतात त्याला. बाराच्या उन्हात. आयुष्यात झाडावर राग काढला नव्हता, आज सगळा काढला. दर घावाला एकेक शिवी. खरारा लांब उभा राहून बघत होता. मदतीला आला नाही, अडवायलाही नाही.

दोन तासांनी झाड कललं. मूळ वर आलं. आणि—

लिहितो. बघितलं ते लिहायलाच हवं. हाडं खड्ड्यात नव्हती. हाडं मुळांत होती. झाड आपला घोडा बरोबर घेऊन सरकत होतं. बरगड्या मुळांनी आवळलेल्या, पिंजऱ्यासारख्या. आणि मुळांची गाठ, मडक्याएवढी, जिथून सगळं फुटलं ती गाठ, बरगड्यांच्या आत होती. पोट असतं तिथं.

ते बियांनी उगवलेलं नाही. त्याला ओकता आलं नाही. जे आत राहिलं ते असं वर आलं.

मग मी मूर्खपणा केला. तिथंच पालापाचोळा घालून पेटवून दिलं. कण्हेरीचा धूर विषारी असतो हे मी परिपत्रकात स्वतः लिहिलंय! पण राग डोळ्यांवर आला की शिकलेलं सगळं जळून जातं. वारा फिरला. दोन-तीन छातीभर घोट गेले. धूर गोडसर लागला.

अर्ध्या जळक्या फांद्या तशाच राहिल्या. खराऱ्यानं टोपी काढून हातात धरली होती.

१५ मार्च, रविवार

भाचा आला, खड्डा बघितला, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. मीही सोडला नाही. म्हटलं, सहा घोडे मारलेस, तू नाहीतर तुझ्या आईनं, आणि आता सातवी पोटुशी आहे. तुम्हाला जनावर कशाला हवं? पाटीवर फोटो लावायला? ताईच्या नावानं बोललो. नको होतं बोलायला.

तो आत गेला. भाचेसून त्याचा हात धरून नको नको म्हणत होती. त्यानं कपाटातून एक जुना लिफाफा आणला आणि टेबलावर टाकला.

“मामा, हे अक्षर कोणाचं?”

अक्षर माझं. एकतीस वर्षांपूर्वीचं, ताईला लिहिलेलं. वर मथळा – घोड्यांभोवती लावायची झाडं. खाली यादी. यादीत पहिलं नाव कण्हेर. सोबत पिशवीतून रोप पाठवतो आहे. जनावर तोंड लावत नाही म्हणून कुंपणाला याहून चांगलं झाड नाही. दरवर्षी छाटावी, काप तिरका घ्यावा, आणि छाटलेल्या फांद्या कुंपणाच्या आत टाकाव्यात, म्हणजे बुंध्याशी गर्दी होत नाही. आणि शेवटी, तारुण्याचा माज बघा, स्वतः रचलेल्या दोन ओळी –

उन्हात हसते, धुळीत फुलते, मागत नाही पाणी,
गुरे न शिवती, घोडे न शिवती, कुंपणाची ही राणी.

पाचवीच्या पुस्तकात सापडणार कशी? ती कविता माझी होती.

भाचा मान खाली घालून म्हणाला की आई तुमच्या शब्दाबाहेर कधी गेली नाही, तिच्यामागं मीही नाही. दर हिवाळ्यात छाटायचो, आत टाकायचो. तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना सांगणार होतो, पण या वयात तुम्हाला लागेल म्हणून राहिलो.

परिपत्रक सगळ्या बागांना काढलं. शिपायांना काढलं, माळ्यांना काढलं. एक पोस्टकार्ड ताईला लिहायचं सुचलं नाही.

आता कोणावर ओरडू?

१७ मार्च, मंगळवार

काल लिहिलं नाही. पडून होतो. मळमळतं, पण उलटी होत नाही. भाचेसुनेनं डॉक्टरांना कळवलंय, ते शुक्रवारी येतील. नाडी मीच मोजली. चोपन्न.

सगळ्या वस्तूंभोवती पिवळी कड दिसते. दिव्याभोवती, कपाभोवती, भाच्याच्या डोक्याभोवती.

आज खिडकीतून बघितलं. मी पाडलेल्या झाडाची जागा रिकामी नाही. सहा झाडं आहेत, पण अंतरं पुन्हा सारखी. कवायतीत एक घोडा गळला की बाकीचे खांद्याला खांदा लावून फट बुजवतात, तशी. खड्डा मागे एकटा पडलाय.

राग आहे अजून. विझत नाही. पण आता तो बाहेर जात नाही, आतल्या आत फिरतो. एकतीस वर्षांपूर्वीच्या त्या पोराला कानफटात मारावीशी वाटते. यमक जुळलं म्हणून खूश होता! राणीशी पाणी जुळलं!

१८ मार्च, बुधवार

नाडी सेहेचाळीस.

भाच्याकडून फीत धरून घेतली, मी जिन्यावर बसून आकडा वाचायला लावला. चार फूट. त्याचा चेहरा उतरला. पुन्हा मोजलं त्यानं. पुन्हा चार. आज त्यानं माझी झोप विचारली नाही.

अबलख काल संध्याकाळपासून कुंपण सोडत नाही. मान पलीकडे ताणलेली. गाजर दाखवलं तर हुंगलंही नाही.

गव्हाणीत चौदा फांद्या. सगळ्या माझ्या कापाच्या. तिरक्या. डोळ्यावर पाव इंच.

जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. एक फांदी त्यांनी कागदात बांधून नेली, आणि जाताना भाच्याला म्हणाले की आजच घोडे हलव, बाकीचं मग बोलू. भाच्यानं ट्रक सांगितला. उद्या सकाळी. देवा, उद्यापर्यंत तिनं तोंड लावू नये.

१९ मार्च, गुरुवार

ट्रक दहाला आला. पाच घोडे चढले. अबलख चढेना. खराऱ्यानं तिच्या कानात काही सांगितलं. ओढली नाही, मारली नाही. चढली.

मी जिन्यावरून बघत होतो. तिनं एकदा माझ्याकडे मान वळवली. खिशात गाजर होतं. द्यायचं राहिलं.

वाचली. ती आणि तिचं शिंगरू. माझ्या हातून एक तरी—

खराऱ्याला म्हटलं, आता ती झाडं ट्रकमागं जातील का रे? त्यानं मान हलवली.

“ती अबलखसाठी नव्हती आली, मास्तर. खाऊ कोणी घातलं, ते घोडा विसरत नाही.”

तो ट्रकबरोबर गेला. हातातला खरारा माझ्या पायरीवर ठेवून.

२० मार्च, शुक्रवार

नाडी एकोणचाळीस. डॉक्टर अजून आले नाहीत. भाचा म्हणाला, चार वाजता तुम्हालाही घेऊन जातो मामा, ट्रंक भरून ठेवा. ताईसारखा हसायला गेला. जमलं नाही.

रान रिकामं. कुंपण मधोमध आडवं पडलंय. झाडं आत आली आहेत. ताईनं लावलेलं पुढं, बाकीची त्याच्यामागं. ऊन आहे, वारा नाही, तरी पानं वाजतात. चघळल्यासारखी. चालीत वाजतात. उन्हात हसते – धुळीत फुलते –

घोडे ओळीनं उभे राहिले होते तेव्हा मला वाटलं, झाडांकडे बघतात. त्यांच्या मागं माझी खिडकी होती. झाडं घोड्यांच्या डोक्यांवरून इकडे—

नंतर

पोटात गाठ आहे. हातानं लागते. मडक्याएवढी नाही अजून.

बोटं घातली घशात. तीनदा. येत नाही. मला ओकता येत नाही.

तोंडाला कडू लागत नाही आता. गोडसर.

खाली खोगिरांच्या खोलीत फळ्या उचलल्यासारखा आवाज. जिन्याची पहिली पायरी. खरारा खाली पडला. टण्ण.

नंतर

भाच्यासाठी यादी लिहून ठेवतो. नवी. बरोबर. ताईला द्यायला हवी होती ती. मग जे व्हायचं ते—

मला इथं पुरू नकोस बाळा. जाळलंस तर धुराच्या बाजूला उभा राहू नकोस. लांब ने. जिथं जनावर चरत नाही तिथं—

आठवी पायरी.

घोड्यांभोवती लावायची झाडं –

१. कण्हेर

नाही. खोडलं. पुन्हा.

१. कण्हेर

हात माझा आहे. अक्षर जुनं आहे. जोर लावतो – वाळुंज लिही, म्हाताऱ्या, वाळुंज, वाळुंज, तुती – राग कुठं गेला तुझा, आता हवा होता –

दहावी.

१. वा